गोफण टांगायचा मान

मला माझ्या जावेचा हेवा वाटायचा, आणि तो करकोच्यांवरून वाटायचा. दागिन्यांवरून वाटला असता तर विहिरीवरच्या चार बायकांना तो समजला असता. त्यांनीही थोडं तेल ओतलं असतं आणि मला बरं वाटलं असतं. पण तळ्यावर उतरणाऱ्या राखी पाखरांवरून एक जाऊ दुसरीवर जळते, हे कुणाला सांगणार? म्हणून मी एकटीच जळत राहिले. जावा-जावा उभा दावा म्हणतात. आमच्यात दावाही धड नव्हता, कारण ती भांडतच नसे. भांडली असती तर माझं निम्मं दुखणं तिथंच उतरलं असतं.

तोंडावर मी तिला 'जाऊबाई, तुमी' म्हणायची, मनात मात्र 'ती' म्हणायची. इथं मनातलंच लिहिते.

मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही वर्षं. वाशिमच्या वेशीबाहेर आमचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मिरच्या, मेथी, मुळे, कांदे, सगळं मोटेच्या पाण्यावर. मळ्याच्या मागे तळं, आणि मळा व तळं यांच्या मध्ये मातीची उंच पाळ. थंडी पडायला लागली की तळ्याचं पाणी मागे मागे जायचं आणि एका अंगाला काळी ओली जमीन उघडी पडायची. त्या ओलीवर माझे सासरे उशिराचा हरभरा पेरायचे. सगळ्या गावाचा हरभरा खळ्यावर येऊन पडला तरी आमचा आपला घाट्यांनी लगडलेला, हिरवा. मग काय, आसपासच्या साऱ्या पाखरांचं जेवणखाण आमच्याकडं.

त्यांत करकोचे पहिल्या पंगतीला. दिवाळी झाली की ते यायचे. कुठून यायचे ते देवाला ठाऊक. सासूबाई म्हणायच्या, हिमालयाच्या पल्याडून. उंच काळे पाय, राखी अंग, गळ्याखाली काळ्या पिसांचा लोंबता झुपका आणि डोळ्यामागून मागे गेलेली पांढरी शेंडी. रात्री तळ्याच्या उथळ पाण्यात थव्याने उभे राहायचे आणि सकाळी आमच्या हरभऱ्यात उतरायचे. सासरे आणि मालक आळीपाळीने मचाणावर बसून गोफण फिरवायचे. मालक म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायची रीत नव्हती, आणि आता या वयात मोडायची इच्छा नाही.

फाल्गुन सरता सरता एक दिवस हे करकोचे उठून परत जायचे. त्या दिवसाची आमच्या घरची एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्या घरात मी पाहिली नाही. करकोचे गेल्याची खबर घरी आणायची ती सुनेनं. पुरुषमाणसानं मचाणावरून धडधडीत पाहिलं तरी त्यानं पाहिलंच नाही असं करायचं. जी सून आधी येऊन सांगेल तिनं ओसरीत सासऱ्यांपुढे उभं राहायचं आणि आपल्या तोंडानं बोलायचं. मग मचाणावरून गोफण यायची, तिला हळद-कुंकू लागायचं आणि त्या सुनेनं ती खुंटीला टांगायची. राखण सुटली. सासरे तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. कारण विचारलं तर सासूबाई म्हणायच्या, "जो जाऊन राह्यला त्याची खबर बाहेरून आलेलीनंच द्यावं. घरच्याले काय समजते जानं?"

आता हे वाचून कुणी म्हणेल, एका गुळाच्या खड्यासाठी एवढं? पण गूळ कोण मागत होतं! त्या काळी सून सासऱ्यांपुढे तोंड उघडत नसे. मीठ कमी झालं तरी सासूबाईंच्या मार्फत, बैल सुटला तरी सासूबाईंच्या मार्फत. वर्षातून एकच दिवस, एकाच सुनेला, सासरे नाव घेऊन हाक मारायचे, प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. घरातले सगळे उभे राहून ऐकायचे. मला तो दिवस हवा होता. दुसरं काहीच नको होतं.

आणि तो दिवस दर वर्षी ती घेऊन जायची.

ती माझ्याआधी पाच वर्षं या घरात आलेली. थोरले दीर अकोल्याला कापसाच्या जिनिंगात कामाला होते, सणासुदीला यायचे. तिचं माहेर इंझोरीकडचं. घरामागंच पाणी होतं म्हणे, त्यामुळं पाखरं तिला लहानपणापासून ओळखीची. माझं माहेर रिसोडच्या बाजूचं, कोरडं ठणठणीत. आमच्याकडं पाखरू म्हणजे कावळा, चिमणी आणि ज्वारीवर पडणाऱ्या भोरड्या. लग्न होऊन आले तेव्हा मला पाण्यावरची सगळी पाखरं बदकंच वाटायची. मी एकदा टिबुकलीला बदकाचं पिल्लू म्हणाले. ती हसली नाही. "टिबुकली हाय थे. एवढीच राह्यते," म्हणाली आणि मुळे धुवायला लागली. हसली असती तर मी विसरले असते.

सकाळी आम्ही दोघी तळ्याच्या काठी मेथी-मुळे धुऊन बाजारासाठी जुड्या बांधायचो. त्याच वेळी मालक बैलांना पाणी पाजायला यायचे. बैल पाणी पीत, आणि हे दोघं बोलत.

"वयनी, चकवे गेले वाटते."

"दोन जोड्या गेल्या भावजी. एक हाय अजून. थे पाहा, थोट्या बाभळीखाली."

"मले काहून नाई दिसली?"

"तुमी बैलाकडं पाहून राह्यले, म्हनून."

यावर मालक हसले. लग्न होऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि मालकांना मोठ्यानं हसता येतं हे मला त्या सकाळी कळलं. चकवा-चकवीची ती तांबूस जोडी बाभळीखाली पाठीत चोच खुपसून बसली होती. मी त्या जोडीकडं असं पाहिलं की तिनं उडून जायला हवं होतं. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

वाईट काही नव्हतं हो त्यात. दीर-भावजयीनं दिवसाउजेडी, माझ्यासमोर, बैलांसमोर चार शब्द बोलावे यात कोण काय म्हणणार? म्हणूनच जास्त लागायचं. वाईट असतं तर माहेरी जाऊन रडता तरी आलं असतं. ते बोलायचे ते शेकाट्याच्या लाल पायांवर. चांदव्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या टिक्यावर. मचाणावरून एकानं जे पाहिलं ते पाळीवरून दुसऱ्यानं पाहिलं की नाही, यावर. आणि मी मधे बसून मुळ्याच्या शेपट्या तोडायची.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा रात्री ताट वाढताना विचारलं, "तळ्यावरचे चकवे गेले का सगळे?"

"हाव," मालक म्हणाले. "चटनी आन."

चकवे गेले नव्हते. सकाळीच मी एक जोडी पाहिली होती. बोलायला नको म्हणून माणसं पाखरंसुद्धा हाकलून देतात.

पहिल्या वर्षी खबर तिनंच आणली. मी चुलीपाशी होते. ती पाळीवरून धावत आली, उंच बाई, लांब लांब ढांगा, पदर कमरेला खोचलेला, आणि ओसरीच्या पायरीशी थांबून पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, "मामाजी, गेले." सासरे उठून बसले. "कोन्या अंगाले?" ती सांगत होती, सासरे ऐकत होते. तिचा आवाज भरदार आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं, कारण आमच्या घरात सुनांना आवाज नसायचाच. मालक मचाणावरून गोफण घेऊन आले. तिनं हात वर केला आणि ती अलगद खुंटीला अडकवली. टाचासुद्धा उचलाव्या लागल्या नाहीत. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि चुलीत तेव्हा मिरच्या नव्हत्या.

पुढच्या वर्षी मी कंबर कसली. जेवढ्या वेळा पाळीवर जायला निमित्त मिळेल तेवढ्या वेळा गेले. शेण टाकायला, काटक्या आणायला, हरवलेली वाटी शोधायला. वाटी हरवलेली नसायचीच. फाल्गुनातल्या एका दुपारी मालक भाजी घेऊन बाजाराला गेले होते, सासरे मचाणावर डुलक्या काढत होते आणि जाऊ घरात जात्यावर होती. मी पाळीवर एकटी. हरभऱ्यातले करकोचे एकदम उठले. कुर्र कुर्र करत गोल गोल फिरत वर चढले, इतके वर की मान दुखायला लागली, आणि मग उन्हात विरून गेले. मी डोळ्यांवर हात धरून पाहत राहिले. आभाळ कोरं.

मी धावले. कशी धावले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की धावताना मनात एकच होतं, ती अजून जात्यावर आहे.

मचाणाखाली उभं राहून मी सासऱ्यांना जागं केलं, तेही हाक मारून. एवढी बेअदबी त्या एकाच दिवशी चालायची. ते खाली उतरले, घरी आले, ओसरीत बसले आणि मग मी रीतीप्रमाणं पायरीशी उभी राहून सांगितलं, "मामाजी, गेले."

"कोन्या अंगाले?"

मला काही दिशा आठवेना. "वरतं," मी म्हणाले.

सासरे हसले, पण बरं हसले. हातावर गूळ ठेवला. गोफण मला टांगता येईना, खुंटी उंच. पालथ्या टोपलीवर चढून टांगली. जाऊ पीठ भरल्या हातानं दारात उभी होती.  ती ओसरीतून बाहेर येऊन आभाळाकडं पाहत राहिली. मी मनात म्हणाले, पाहा आता, शोधा.

दुसऱ्या दिवशी ऊन वर येईस्तोवर कुणीच हरभऱ्याकडं फिरकलं नाही. राखण सुटली होती ना. सासरे गेले तेव्हा सगळा थवा आमच्या हरभऱ्यात निवांत चरत होता. निम्म्या वाफ्यांत घाट्याच्या नावानं टरफलं उरली होती. करकोचे दुपारचे नुसते तापल्या हवेत फिरायला वर गेले होते, आणि तळ्याच्या पल्याड उतरून संध्याकाळी परत पाण्यात येऊन उभे राहिले होते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, मी तर नवऱ्याच्याही पुढं गेले.

सासरे ओसरीत आले आणि गोफण खुंटीवरून ओढून काढली. मी आतल्या दाराआड उभी. त्यांनी मला नाव घेऊन हाक मारली. वर्षातली दुसरी हाक, आणि ही मला नको होती. मी दाराआडच राहिले. ते काय म्हणणार हे मला कळत होतं: आजपासून तुझी खबर या घरात चालायची नाही. एवढं एक वाक्य, आणि तो दिवस मला जन्मात मिळाला नसता.

तेवढ्यात ती पुढं झाली. "मामाजी, तिची चूक नाई. तिनं मले इचारलं होतं. म्याच म्हनलं, गेले म्हनून."

 सासरे गोफण खांद्यावर टाकत म्हणाले, "तुह्यासारखीची नजर चुकली म्हनजे पाखराचीच कमाल हाय." आणि मचाणाकडं निघून गेले. झालं. प्रकरण संपलं. चूक माझी ठरली असती तर हरभरा बुडवला असं झालं असतं; ती चुकली तर पाखरांची कमाल झाली. माझ्या हातून आयुष्यात एक मोठी गोष्ट घडली होती, भली का बुरी, तीसुद्धा तिनं उचलून स्वतःच्या नावावर घेतली.

परसात मी तिला गाठलं. "तुमाले कोनं सांगतलं होतं मधात पडाले?"

"मामाजीनं तुले परत कधी बोलूच देलं नसतं, वं."

"नाई देलं तर नाई. माहं मी पाहून घेतलं असतं."

ती सूप पाखडत होती. पाखडता पाखडता, मी न विचारता म्हणाली, "जायाच्या दिवशी थे हरबऱ्यात उतरतच नाईत. सकाळी तळ्यातच उभे राह्यतात. ऊन चांगलं तापलं का मंग सारे एकदम उठतात. हरबऱ्यातून उठले थे गेले नाई समजाचं."

मी ऐकलंच नाही असं दाखवून पाय आपटत आत गेले. पण शब्दन् शब्द काळजात कोरला गेला. उपकार करावे तर सावकाश करावे. हिनं एका दिवसात दोन केले.

त्या संध्याकाळी मालक तिला विचारत होते, "वयनी, तुमी कशा काय चुकल्या?" तिनं नुसतं हसून घेतलं. मालकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं होतं. पण मला त्यांनी काही विचारलं नाही. मला विचारण्यासारखं काही असतं, हे अजून त्यांच्या ध्यानात यायचं होतं.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट सांगते. त्या सकाळी आम्ही दोघी नेहमीसारख्या मुळे धुवायला बसलो होतो. बाकी पाखरं बरीच पांगली होती. चकवे नव्हते, बदकांचे थवे आटले होते, शेकाटे तेवढे चिखलात लाल पायांनी हिंडत होते. हरभऱ्यात एकही करकोचा नव्हता. सगळे पाण्यात उभे. माझ्या लक्षात आलं. तिच्याही आलं.  मी एक मुळा धुवायला घेतला आणि धूत बसले. त्याची सालं निघायची वेळ आली. ती जुडी बांधत होती आणि सोडत होती, बांधत होती आणि सोडत होती. ऊन पाठीवर चढत गेलं. करकोचे माना ताठ करून एका दिशेला तोंड करून उभे, मधूनच एखादा ओरडायचा आणि बाकीचे उत्तर द्यायचे.

धावायचं झालं तर ती जिंकणार हे मला ठाऊक होतं. तिच्या दोन ढांगांत माझ्या चार. तरी मी पाय पोटाशी घेऊन बसले होते, सुटायला तयार.

मग ते उठले. आधी पुढचे चार-दोन पाण्यावर धावले आणि पंख मारत वर झाले, त्यांच्यामागं सगळा थवा. पाणी पांढरं झालं. तळ्यावर गोल फिरत, ओरडत, चढत चढत गेले, आणि वर पोचल्यावर एकदम फिरणं थांबलं. एक लांब वाकडी रेघ झाली आणि ती उत्तरेकडं सरकायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी दोन वर्षं मी त्यांच्यावर डोळा ठेवून होते, पण त्यांच्याकडं असं पाहिलं नव्हतं.

त्या पाण्यामुळं मला उशीर झाला. भानावर येऊन मी उठले तर ती आधीच पाळीवर चढली होती. मी मागून धावले. आणि मग ती एकदम खाली बसली.

"माय वं," ती तळवा हातात धरून म्हणाली. "काटा मोडला. तू हो पुढं."

मी थांबले नाही. पाळीवर बाभळीचे काटे असतातच. मी तिला ओलांडून गेले, अक्षरशः ओलांडून, आणि वाऱ्यासारखी घरी पोचले. पायरीशी उभी राहिले. पदर घेतला.

"मामाजी, गेले."

"नीट पायलं का आता?" सासरे म्हणाले. "कोन्या अंगाले?"

"उत्तरेकडं. तळ्यातून उठले, हरबऱ्यातून नाई. सकाळपासून एकही हरबऱ्यात उतरला नव्हता. वर जाऊन फिरनं थांबलं त्यायचं आन रांग धरली. एकही मांगं राह्यला नाई."

माझा आवाज मला स्वतःला अनोळखी वाटला. सासरे थांबून ऐकत होते. सासूबाई ऐकत होत्या. मालक गोफण घेऊन आले होते आणि दारातच थबकून ऐकत होते. मी सांगत गेले, शेकाटे राहिलेत तेही सांगितलं, जे कुणी विचारलं नव्हतं. सासरे म्हणाले, "बरं पायलं बाप्पा तिनं." हातावर गूळ आला. पालथ्या टोपलीवर चढून मी गोफण टांगली. काय करू आणि काय नको असं झालं मला.

आणि तेवढ्यात ती आली. डोक्यावर मुळ्याची एक टोपली, कमरेवर दुसरी, माझी. सरळ चालत. लंगडणं नाही, पाय वाकडा पडणं नाही. टोपल्या उतरवून ती रांजणावर पाणी प्यायला गेली.

 मी तिच्यामागं परसात गेले.

"काटा दाखवा."

"काहाडला."

"कोन्या पायात होता?"

ती क्षणभर विचारात पडली. "डाव्या."

मी खाली बसून तिचा डावा पाय धरला आणि तळवा वर केला. टणक, भेगाळलेला, चिखल लागलेला तळवा. टोचल्याची खूण नाही. मग मी उजवा धरला. तोही तसाच. ती हसू दाबत पाय सोडवत होती आणि मी दोन्ही हातांनी धरून बसले होते. सासूबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना दिसलं ते एवढंच, की धाकटी सून मान मिळाल्यावर थोरलीच्या पाया पडते आहे. "गुनाची हाय पोरगी," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या.

मी तो गुळाचा उरलेला खडा बैलाला चारला. जे मी तीन वर्षं मागत होते ते तिनं मला भाकरीचा तुकडा टाकावा तसं टाकलं होतं, वर माझी टोपलीही उचलून आणली होती. हरले असते तर निदान हरणं माझं असतं. आता जिंकणंही तिचंच होतं.

त्याच चैत्रात थोरल्या दिरांना अकोल्यात खोली मिळाली आणि त्यांनी तिला बोलावून घेतलं. तिला अकोल्याच्या मोटारीत बसवून द्यायला मालक आणि मी बैलगाडीनं वाशिमच्या मोटारीच्या अड्ड्यावर गेलो. मला मोटारीत बसायला मिळालं नव्हतं, तिला मिळत होतं. तेही मी तिथं उभी राहून मनात मोजून घेतलं. आत बसल्यावर तिनं खिडकीतून माझा हात धरला. मला वाटलं आता काही गोड बोलेल.

"पाळीवर काटे लय हायेत," ती म्हणाली. "जपून पळजो."

मी हात सोडवून घेतला. येताना गाडीत मालक वाटभर एक शब्द बोलले नाहीत. ते गप्प बसणं माझ्यासाठी नव्हतं, तिच्यासाठी होतं, आणि मला त्याचाही हेवा वाटला.

दिवाळीनंतर करकोचे परत आले. मी एकटी मुळे धुवायची. मालक बैल पाण्यावर आणायचे, तळ्याकडं पाहायचे, "वय—" म्हणायचे आणि तोंड मिटायचे. असं बऱ्याचदा झालं. एका सकाळी मीच म्हणाले, "चकव्याच्या तीन जोड्या हायेत. दोन बाभळीखाली आन एक पल्याड, म्हशी बसतात तिथं."

मालकांनी पल्याड पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हाव की," म्हणाले. मग बैल वळवता वळवता म्हणाले, "वयनीले आता कायचे दिसतीन चकवे. तिकडं धूरच धूर."

अकोल्याला जाऊनही ती आमच्या तळ्यावर बसलेलीच होती. पण त्यानंतर मालक थोडं थोडं विचारायला लागले, आणि मी थोडं थोडं सांगायला लागले. मी जे सांगायची ते बहुतेक तिनंच मला कधीतरी न विचारता सांगितलेलं असायचं. मालकांना ते कळत असावं. 

फाल्गुन आला. त्या दिवशी सकाळी हरभरा रिकामा होता आणि करकोचे पाण्यात उभे. मी मुळे बाजूला ठेवले आणि वाट पाहत बसले. ऊन तापलं, ते उठले, फिरत फिरत चढले आणि रांग धरून उत्तरेला लागले. मी उठले आणि धावत सुटले. पाळीवर चढले, पदर कमरेला खोचलेला, काटे चुकवत, जीव खाऊन, आणि धावता धावता कानोसा घेत होते मागच्या पावलांचा, त्या लांब ढांगांचा.

मालक मचाणावरून उतरून पाळीच्या खाली उभे होते. गोफण हातात होती. त्यांनी ती गुंडाळली आणि माझ्यापुढं धरली.

"पळतं कायले?" ते म्हणाले. "मांगं कोनी नाई."

मी वळून पाहिलं. पाळ पार त्या टोकापर्यंत मोकळी होती. माझी मुळ्याची टोपली काठावर तशीच पडली होती. मी परत गेले, ती उचलली, आणि चालत घरी आले.